हद्द बदलली, हेल्मेट उतरले

न्यूयॉर्कहून उत्तरेकडच्या मेन राज्यात जाणारा 'इंटरस्टेट ९५' हा महामार्ग मोटारसायकलवरून दिवसभरात आरामात उरकतो. न्यूयॉर्क राज्यात स्वाराच्या डोक्यावर हेल्मेट हवेच, वय काहीही असो. थोड्याच वेळात कनेटिकट लागते. तिथे सक्ती आहे ती फक्त ठरावीक वयाखालच्या तरुणांवर. पुढच्या चिमुकल्या ऱ्होड आयलंडमध्ये मागे बसणाऱ्याला हेल्मेट हवे, पण चालवणाऱ्याने एकविशी ओलांडली असेल आणि परवाना मिळून वर्ष झाले असेल, तर त्याला माफ. म्हणजे मागच्या सीटवर बायको हेल्मेट घालून आणि पुढे नवऱ्याचे केस वाऱ्यावर, हे चित्र तिथे पूर्ण कायदेशीर! मॅसॅच्युसेट्समध्ये शिरताच दोघांनाही सक्ती. मग येतो न्यू हॅम्पशायरचा जेमतेम पंचवीस किलोमीटरचा पट्टा. 'स्वतंत्र जगा, नाहीतर मरा' हे घोषवाक्य गाड्यांच्या नंबरप्लेटवर छापणाऱ्या या राज्यात हेल्मेटचा कायदाच नाही. त्यापुढे मेनमध्ये तो पुन्हा आहे, पण अल्पवयीन आणि नवशिक्यांपुरता.

एक रस्ता, सहा राज्ये आणि पाच तऱ्हेचे नियम. डांबर सगळीकडे सारखे आणि माणसाची कवटीही तितकीच पातळ. तरीही कायदा बदलतो, कारण अपघात कुठे जास्त होतात हे पाहून या हद्दी आखलेल्याच नाहीत. हेल्मेटच्या कायद्याविरुद्ध कुठे कोण उभे राहिले, किती चिकाटीने भांडले आणि त्यांच्या मतांची सरकारला किती गरज होती, यावर त्या ठरत गेल्या. मोटारसायकलविषयीच्या नियमांचा गेल्या ऐंशी वर्षांचा इतिहास हा बऱ्याच अंशी हरकतींचा इतिहास आहे.

त्याची सुरुवात मात्र एका डॉक्टरपासून होते. १३ मे १९३५ रोजी इंग्लंडमधल्या डॉर्सेट परगण्यात टी. ई. लॉरेन्स, म्हणजेच जगाला ठाऊक असलेला 'लॉरेन्स ऑफ अरेबिया', आपल्या ब्रफ सुपीरियर मोटारसायकलवरून घरी परतत होता. रस्त्यातल्या उतारामुळे पुढे सायकलवर चाललेली दोन मुले त्याला उशिरा दिसली. त्यांना चुकवताना तो फेकला गेला. डोक्यावर काहीच नव्हते. सहा दिवसांनी, वयाच्या ४६ व्या वर्षी त्याचा मृत्यू झाला. त्याला तपासणाऱ्या डॉक्टरांमध्ये ह्यू केर्न्स हा मूळचा ऑस्ट्रेलियन मेंदूशल्यविशारद होता. या मृत्यूने त्याच्या मनात घर केले, आणि डोक्याला मार लागून मरणाऱ्या मोटारसायकलस्वारांचा त्याने अभ्यास सुरू केला.

महायुद्धाने त्याला हवी ती माहिती दुर्दैवाने मुबलक पुरवली. ब्लॅकआउटमुळे रस्ते काळोखात बुडालेले, आणि त्याच रस्त्यांवरून लष्कराचे निरोपे मोटारसायकली दामटत असत. युद्धाच्या पहिल्या २१ महिन्यांत ब्रिटनमध्ये २,२७९ मोटारसायकलस्वार आणि मागे बसणारे रस्त्यावर मेले. केर्न्सने १९४१ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आपला निबंध छापला. हेल्मेट घालून अपघातात सापडलेले अवघे सात जण त्याच्या पाहण्यात आले होते, आणि ते सातही वाचले होते. सातांवरून सिद्धान्त मांडता येत नाही हे त्याला कळत होते. पण लष्कराने तेवढ्यावर न थांबता त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कामावरच्या स्वारांना हेल्मेट सक्तीचे केले. रबराची किंवा दाबलेल्या लगद्याची ती टोपडी आजच्या मानाने ओबडधोबड होती, पण कामाला आली. युद्ध संपल्यावर केर्न्सने पुन्हा आकडे मांडले, तेव्हा मृत्यूंचा उतरता आलेख समोर होता.

लष्करात हुकूम सुटला की विषय संपतो. नागरिकांच्या बाबतीत तो तिथे सुरू होतो. साध्या मोटारसायकलस्वाराला हेल्मेट सक्तीचे करणारा जगातला पहिला कायदा १९६१ मध्ये आला, तो केर्न्सच्या मायदेशी, ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात. ब्रिटनमध्ये त्याला १ जून १९७३ उजाडावा लागला. केर्न्सच्या निबंधाला तेव्हा ३२ वर्षे झाली होती आणि तो स्वतः जाऊन २१.

ब्रिटनमधला नियम अमलात आला आणि पगडीशी जाऊन अडला. साउथॉल, मँचेस्टर अशा ठिकाणी तोवर शीख वस्ती चांगली रुजली होती. केस न कापणे आणि पगडी बांधणे हे त्यांच्या धर्माचे अंग. पगडीवर हेल्मेट बसत नाही आणि हेल्मेटसाठी पगडी उतरवायची नाही, म्हणून शीख स्वारांनी दंड पत्करले, कोर्टाच्या पायऱ्या चढल्या. त्यांचा युक्तिवाद बिनतोड होता. दोन्ही महायुद्धांत शीख सैनिक ब्रिटनसाठी पगडी बांधून लढले. तोफगोळ्यांच्या वर्षावात लोखंडी शिरस्त्राणाचा आग्रह धरला गेला नाही, मग आता हायस्ट्रीटवर कशासाठी? साउथॉलचे मजूर पक्षाचे खासदार सिडनी बिडवेल यांनी खासगी विधेयक आणले, आणि १९७६ मध्ये पगडीधारी शिखांना हेल्मेटमधून सूट देणारा स्वतंत्र कायदा संमत झाला. मतदारसंघात शिखांची मते लक्षणीय होती हा योगायोग नव्हे.

ज्यांच्यामागे मतदारसंघ नव्हता, त्यांच्या वाट्याला तुरुंग आला. फ्रेड हिल हा निवृत्त गणित शिक्षक, आणि महायुद्धातला लष्करी निरोप्या. म्हणजे ज्यांचे प्राण वाचवायला केर्न्सने आटापिटा केला, त्यांच्यातलाच एक. प्रौढ माणसाने डोक्यावर काय घालावे हे सरकारने सांगू नये, असे त्याचे म्हणणे. तो आपली जुनी लष्करी बेरे टोपी घालून मोटारसायकल चालवायचा, दंड भरायला नकार द्यायचा आणि तुरुंगात जायचा. सुटला की पुन्हा तेच. असे वारंवार झाले. फेब्रुवारी १९८४ मध्ये, वयाच्या ७४ व्या वर्षी, लंडनच्या पेंटनव्हिल तुरुंगात शिक्षा भोगताना त्याचा अंत झाला. त्याच्या स्मरणार्थ ब्रिटनमधले मोटारसायकलस्वार फेब्रुवारीत फेरी काढतात. कायदा मात्र तसूभर हलला नाही.

अमेरिकेत उलटे घडले. तिथे कायदा आधी सगळीकडे पोहोचला आणि मग हरकतींनी तो राज्याराज्यांतून उखडून काढला.

वाहतुकीचे नियम हा तिथे राज्यांचा विषय. केंद्र सरकार थेट हुकूम काढू शकत नव्हते, म्हणून त्याने तिजोरीची किल्ली वापरली. १९६६ च्या महामार्ग सुरक्षा कायद्याने सांगितले की, जे राज्य हेल्मेट सक्तीचे करणार नाही त्याच्या रस्ते-निधीला कात्री लागेल. पैसा बुडतोय म्हटल्यावर राज्यांनी भराभर कायदे केले. सत्तरीच्या दशकाच्या मध्यापर्यंत जवळपास सगळा देश हेल्मेटखाली आला होता. मोठा अपवाद कॅलिफोर्नियाचा. देशातल्या मोटारसायकलींचे माहेरघरच ते; तिथल्या आमदारांची हिंमत झाली नाही.

कोर्टकज्जे झालेच. इलिनॉय राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये तिथला कायदा रद्दबातल केला. पण बहुतेक न्यायालयांनी स्वारांना परतवून लावले. मॅसॅच्युसेट्समधल्या १९७२ च्या खटल्यात स्वाराचे म्हणणे होते, की फुटले तर माझे डोके फुटेल, त्यात समाजाचे काय जाते? न्यायाधीशांनी समाजाचा खर्च मांडून दाखवला: जखमीला रस्त्यावरून समाजच उचलतो, सरकारी इस्पितळात समाजच नेतो, आणि तो कायमचा पंगू झाला तर त्याला पोसतोही समाजच. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला.

कोर्टात हरलेली लढाई स्वारांनी रस्त्यावर जिंकली. 'ईझीरायडर्स' या मासिकाच्या भोवती 'एबेट' नावाची संघटना उभी राहिली होती. हुकूमशाही कायद्यांविरुद्धचा बंधुसंघ, असा तिच्या मूळ नावाचा थाट. राज्याराज्यांत तिच्या शाखा निघाल्या. चामडी जाकिटे घातलेले, दाढी वाढवलेले लोक विधानसभांच्या पायऱ्यांवर मोटारसायकली आणून उभ्या करू लागले. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे आमदारांना पत्रे कशी लिहायची, समितीपुढे साक्ष कशी द्यायची, हे ते शिकले. १९७५ मध्ये केंद्राने कॅलिफोर्निया, इलिनॉय आणि यूटा या तीन राज्यांचा निधी रोखण्याची तयारी केली, तेव्हा ठिणगी पडली. डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंचे सिनेटर एकत्र आले, आणि १९७६ मध्ये काँग्रेसने निधीची कात्रीच काढून घेतली.

पुढच्या चार वर्षांत अठ्ठावीस राज्यांनी आपापले हेल्मेट कायदे मोडीत काढले किंवा फक्त तरुणांपुरते ठेवले. मृत्यूंचे आकडे चढू लागले. त्यानंतरचा काळ हेलकाव्यांचा. १९९१ मध्ये केंद्राने पुन्हा निधीचे आमिष लावले, १९९५ मध्ये पुन्हा काढून घेतले. टेक्सास आणि आर्कान्सा १९९७ मध्ये बाहेर पडले. फ्लोरिडाने २००० मध्ये वेगळीच तोड काढली: वय २१ च्या वर आणि किमान १०,००० डॉलरचा वैद्यकीय विमा असेल तर हेल्मेट माफ. समाजाचा खर्च हा न्यायाधीशांचा मुद्दा होता ना, मग तो खर्च विम्याने भागवू, असा हा हिशेब. मिशिगनने २०१२ मध्ये तसेच केले, फक्त रक्कम २०,००० डॉलर ठेवली. लुइझियानाने १९९९ मध्ये सक्ती सोडली आणि २००४ मध्ये पुन्हा धरली.

या सगळ्या गोंधळात कॅलिफोर्नियाने मात्र उलटी वाट धरली. ज्या राज्याने सुरुवातीपासून नकार दिला होता, तिथे १ जानेवारी १९९२ पासून सर्वांना सक्ती झाली. आदल्या वर्षी त्या राज्यात ५२३ मोटारसायकलस्वार दगावले होते. १९९२ मध्ये ३२७. एका वर्षात एक तृतीयांशाहून अधिक घट. हे आकडे वैद्यकीय नियतकालिकांत गाजले, पण इतर राज्यांच्या विधानसभांवर त्यांचा फारसा परिणाम झाला नाही. आज सतरा राज्ये आणि राजधानी वॉशिंग्टन एवढ्याच ठिकाणी सरसकट सक्ती आहे. इलिनॉय, आयोवा आणि न्यू हॅम्पशायरमध्ये कायदाच नाही. उरलेल्या तीस राज्यांत वय, विमा, अनुभव अशी नाना कलमे.

संघटित हरकतीला जिथे वावच नसतो तिथे काय होते, हे व्हिएतनाममध्ये दिसले. तिथे घरटी स्कूटर, आणि हेल्मेटला लोक थट्टेने 'भात शिजवायचा कुकर' म्हणत. आधीचे अर्धवट नियम असेच हसण्यावारी गेले होते. मग एकपक्षीय सरकारने १५ डिसेंबर २००७ ही तारीख ठरवली: त्या दिवसापासून सगळ्या देशात, सगळ्या रस्त्यांवर, चालवणारा आणि मागे बसणारा दोघांनाही हेल्मेट. आदल्या दिवशी तुरळक दिसणारी हेल्मेटे त्या सकाळी हनोईत आणि हो ची मिन्ह शहरात जवळपास प्रत्येक डोक्यावर होती. कोणत्या प्रांताला सूट नाही, कोणत्या गटाला माफी नाही.

भारतात कायदा एक आहे आणि सवलती अनेक. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात हेल्मेटचे कलम १९७७ च्या दुरुस्तीने आले. १९८८ चा नवा कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला, तेव्हा ते कलम १२९ बनले. ब्रिटनच्या शिखांना वेगळ्या कायद्याने मिळालेली सूट इथे कलमातच लिहिलेली होती. शिवाय आणखी एक फट होती: राज्य सरकारांना वाटतील ते अपवाद नियमांद्वारे करता येत. हेल्मेटमुळे मूलभूत हक्कांवर गदा येते का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्येच निकालात काढला होता. आंध्र प्रदेशच्या नियमाला दिलेले आव्हान फेटाळताना न्यायालयाने सांगितले की, हेल्मेट संचारस्वातंत्र्य हिरावत नाही, जीव वाचवते. कायद्याचा मुद्दा संपला, आणि भांडण मंत्रालयांच्या दारात गेले.

दिल्लीचे उदाहरण बोलके आहे. शीख महिलांनी टोपीसारखे काही घालणे धर्माला धरून नाही, अशी हरकत धार्मिक संघटनांनी घेतली. पगडी दिसते, पण स्कूटरवर जाणारी बाई शीख आहे की नाही हे चौकातल्या हवालदाराने कसे ओळखायचे? यावर १९९९ मध्ये तोडगा निघाला तो असा, की सगळ्याच महिलांना हेल्मेट ऐच्छिक. पुढची पंधरा वर्षे देशाच्या राजधानीत पुढे बसलेल्या पुरुषाची पावती फाटायची आणि मागे साडीत एका अंगाला बसलेल्या बाईकडे कुणी पाहत नसे. २०१४ मध्ये दिल्लीने हा अपवाद शीख महिलांपुरता आकसला.

महाराष्ट्रात धर्माचा प्रश्न नव्हता. इथे पुणे होते.

सायकलींचे शहर म्हणून मिरवणारे पुणे बजाजच्या आकुर्डीतल्या कारखान्याच्या सावलीत स्कूटरींचे शहर झाले. घरात माणशी एक दुचाकी, आणि प्रवास पेठेतून डेक्कनपर्यंतचा. या शहरात हेल्मेटसक्तीचे प्रयत्न वर्षानुवर्षे झाले आणि दर वेळी विरले. विरोधासाठी रीतसर कृती समिती होती. तिचे मुद्दे ठरलेले: गल्लीबोळांत गाडी वीसच्या वर जात नाही, मान दुखते, केस गळतात, मागचा हॉर्न ऐकू येत नाही, गाडी लावल्यावर ते हेल्मेट ठेवायचे कुठे, आणि खड्डे आधी बुजवा, मग आमच्या डोक्याकडे बघा. तोंडाला डोळ्यांपर्यंत स्कार्फ गुंडाळून निघालेली मुलगी आणि कोपरात हेल्मेट अडकवून चाललेला, पुढे 'मामा' दिसले की ते डोक्यावर चढवणारा स्वार, ही पुण्याच्या रस्त्यावरची कायमची दृश्ये. जुलै २०१६ मध्ये परिवहनमंत्री दिवाकर रावते यांनी 'हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही' असे जाहीर केले. पंपावरच्या पोऱ्याने गिऱ्हाइकाशी हुज्जत घालायची कशाला, म्हणून पंपचालकच बिथरले, आणि ती अट लवकरच सैल करावी लागली.

पुणे पोलिसांनी १ जानेवारी २०१९ पासून ५०० रुपये दंडाची धडक कारवाई सुरू केली. दोनच दिवसांनी हेल्मेटविरोधकांनी दुचाकींची फेरी काढली. कित्येकांच्या डोक्यावर पुणेरी पगडी होती. २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली ही पगडी आजकाल सत्कारापुरतीच बाहेर येते. त्या दिवशी ती थेट पोलिस आयुक्तालयावर चालून गेली. शिखांना पगडीवर सूट आहे तर आम्हाला का नाही, असा त्यातला खोचक सूर. साउथॉलच्या शिखांना ज्यासाठी तीन वर्षे कोर्टात आणि संसदेत झगडावे लागले, ते पुण्याने एका सकाळच्या विनोदात मागून पाहिले. सूट अर्थातच मिळाली नाही. पण जूनमध्ये शहरातले आमदार मुख्यमंत्र्यांना जाऊन भेटले, चौकात अडवून होणारी कारवाई ओसरली, आणि दंडाचा भार मुख्यतः सिग्नलवरच्या कॅमेऱ्यांवर आला.

त्याच वर्षी संसदेने कायदा कडक केला. राज्यांना अपवाद करू देणारी जुनी तरतूद कलम १२९ मधून गेली, चार वर्षांवरच्या मुलांनाही हेल्मेट आले आणि दंड १,००० रुपये झाला, शिवाय तीन महिने परवाना निलंबित. पण कोर्टाबाहेर प्रकरण मिटवताना भरायचे तडजोड शुल्क ठरवण्याचा अधिकार राज्यांकडेच राहिला, आणि नवी फट तिथे सापडली. १ सप्टेंबर २०१९ रोजी दुरुस्ती लागू झाली आणि दहा दिवसांच्या आत गुजरातने हेल्मेटचा दंड ५०० वर आणला. डिसेंबरमध्ये तर शहरांच्या हद्दीत हेल्मेट ऐच्छिक केल्याची घोषणा झाली; सर्वोच्च न्यायालयाच्या समितीने खुलासा मागवल्यावर ती काही आठवड्यांतच गुंडाळावी लागली. कायदा आणणारे केंद्रीय मंत्री नितीन गडकरी नागपूरचे, पण त्यांच्याच राज्याने निवडणुकीच्या तोंडावर वाढीव दंड लागू करायला नकार दिला. महाराष्ट्रात नवे दर आले ते डिसेंबर २०२१ मध्ये, आणि हेल्मेटचा दंड ५०० रुपयेच राहिला. मागे बसणाऱ्याने हेल्मेट घातले नाही तरी कारवाई होईल, असे मुंबई वाहतूक पोलिसांनी त्यानंतर जाहीर केले, आणि जून २०२२ पासून ती सुरू झाली. मागच्या सीटवरच्या माणसालाही हेल्मेट हवे, हे कलम १२९ मध्ये पहिल्या दिवसापासून लिहिलेले होते. तोवर त्या कलमाला ३३ वर्षे होत आली होती.